मागे बसणारीचं हेल्मेट



गेल्या पावसाळ्यात बँकेच्या कामासाठी तालुक्याला गेले होते. येताना आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले होते. खड्ड्यात पाणी साचलेलं, खोली कळली नाही आणि गाडी घसरली. वेग काही फार नव्हता, तरी माझं डोकं रस्त्यावर आपटलं. सहा टाके पडले. ह्यांच्या हेल्मेटला फक्त ओरखडा. घरात हेल्मेट एकच, चालवणाऱ्याचं. मागे बसणारीचं डोकं काय दगडाचं असतं?

घरी पडून होते तेव्हा लेकीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक चाळलं. मी बी.ए., विज्ञान दहावीलाच सुटलं. पण त्यात माझीच गोष्ट निघाली.

चालत्या वस्तूचं वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. रिकामी ट्रॉली लवकर थांबते, उसाने भरलेली थांबत नाही, कारण तिचा संवेग मोठा. थांबायचं म्हणजे हा संवेग शून्यावर आणायचा. त्यासाठी बळ लागतं आणि वेळही लागतो. बळ आणि वेळ यांच्या गुणाकाराला आवेग म्हणतात. वेळ जास्त मिळाला तर बळ कमी लागतं; वेळ कमी मिळाला तर तेच बळ कितीतरी वाढतं.

हे आपल्याला हातानं माहीत आहे. आंबा फांदीवरून खडकावर पडला तर फुटतो, कडब्यावर पडला तर वाचतो. उंची तीच, वेग तोच. कडबा दबतो, म्हणून आंब्याला थांबायला वेळ मिळतो. बांधकामावर वरून आलेली वीट झेलताना बाई हात मागे घेते, तेही याचसाठी.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. तोच आपला कडबा. आपटताना तो दबतो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतो. वेळ दहापट झाला तर सरासरी बळ दहावा हिस्सा उरतं. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बदलावं. आणि हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर पडताना हेल्मेट आधी उडून जातं.

आता जीपची गोष्ट. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन आपण बसतो. बाळ दहा किलोचं, जीपचा वेग तासाला 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. समोर धडक बसून जीप सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बाळाला धरून ठेवायला सुमारे शंभर किलो वजन पेलण्याइतका जोर लागेल. साखरेची पन्नास किलोची दोन पोती! आईची माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. म्हणून बाळाला घेऊन पुढे बसू नका.

बरी झाल्यावर गटाच्या बैठकीत मी हेल्मेटसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. एक आत्या म्हणाल्या, "कर्ज शेळीला द्यावं, टोपीला कशाला?" मी दवाखान्याचं बिल पुढे ठेवलं. तेवढ्यात दोन हेल्मेटं आली असती. वर माझी पंधरा दिवसांची कामं बुडाली, ती वेगळीच. आत्यांनी बिल दोनदा वाचून घेतलं आणि ठरावावर पहिला अंगठा त्यांनीच दिला.

कायदाही हेच सांगतो. दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, मागे बसणाऱ्यालाही. घेताना आयएसआय खूण बघा आणि डोक्याला घट्ट बसतंय का ते घालून पाहा. अंबाडा आड येत असेल तर वेणी घाला.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एवढंच विचारा: आपल्यापैकी किती जणी गाडीवर मागे बसतात आणि किती जणींकडे स्वतःचं हेल्मेट आहे? दोन्ही आकडे गटाच्या वहीत लिहा. पुढचं कर्ज कशाला द्यायचं, ते वहीच सांगेल.