धर्मग्रामाची शाळा आणि घरची बोली
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



नागऱ्याच्या प्राचीन शिवमंदिराची थोरवी गाण्याऐवजी मी आपणांस दूर समुद्रकाठी, वसईस नेणार आहे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु मुलाबाळांच्या शिक्षणाचा जो प्रश्न आज आपल्या घराघरांत चर्चिला जातो, तो तेथील एका शेतकरी समाजाने आपल्या परीने एकदा सोडविला होता. म्हणून हा लांबचा प्रवास.

वसई परिसरातील पुष्कळ कुटुंबे सोळाव्या शतकापासून, पोर्तुगीज अमदानीत, कॅथलिक झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली. पण चर्च आणि त्याभोवतीचा धर्मग्राम टिकला. धर्मग्राम म्हणजे केवळ प्रार्थनेचे स्थान नव्हे. नामकरण, विवाह, मृत्यू ह्यांच्या नोंदी तेथे, सणाचा मेळा तेथे, आणि पुढे शाळाही त्याच्याच आधाराने उभी राहिली. केळी, नागवेल आणि भाजीपाला पिकवून मुंबईच्या बाजारी पाठविणाऱ्या ह्या लोकांची मुले त्या शाळेत येत. शेजारची हिंदू मुलेही त्याच बाकांवर बसत.

त्या मुलाच्या कानी तीन भाषा पडत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांत घरी कादोडी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि वेदीपाशी लॅटिन! लॅटिनचा अर्थ किती जणांस कळत असेल, हा प्रश्न आपण विचारू नये. आपल्याकडील मंगलाष्टकांची गत काही निराळी नाही. १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लोकभाषा आल्या, आणि वसईतील मिस्सा मराठीत होऊ लागली. शाळेने जी भाषा आधीच रुजविली होती, ती आता वेदीवरही आली.

ह्या मशागतीचे पीक कोणते? नंदाखाल गावी १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेथील संत जोसेफ शाळेत मराठीतून शिकले. पुढे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी चळवळ उभारली, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये ते निवर्तले. एका कॅथलिक धर्मगुरूस सारस्वतांनी तो मान दिला, त्याची पायाभरणी गावातल्या मराठी बाकावर झाली होती, असे मला निःशंकपणे वाटते.

आता तेथेही पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. त्यांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. नोकरीची चिंता कोणत्या बापास नसते? मात्र जे मूल घरी कादोडी बोलते आणि शाळेत पहिल्या दिवसापासून इंग्रजी ऐकते, त्याच्या दोन भाषांमधला मराठीचा पूल काढून घेतला जातो. आईशी बोलताना त्याला शब्द अपुरे पडू लागतात, आणि मग आईच त्याच्याशी मोडके इंग्रजी बोलू लागते.

आपल्या गोंदिया, भंडारा, बालाघाट भागांतील घरे आठवा. आजीची पोवारी नातवाला कळते, पण तो उत्तर हिंदीत किंवा मराठीत देतो, आणि पाहुण्यांसमोर तर पोवारी बोलण्यास लाजतो. ही लाज त्याने जन्मतः आणलेली नाही. वर्गात ‘नीट बोल’ असे दरडावणाऱ्यांनी, आणि ते ऐकून गप्प बसणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनी, ती त्याला दिली.

वसईकरांपाशी चर्चचे आवार होते. आपल्यापाशी ते नाही, आणि स्वतंत्र शाळा काढण्याइतके द्रव्यही नाही. परंतु समाजाचा शिक्षणनिधी आहे. त्यातून साहाय्य देताना मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलास मागच्या ओळीत ढकलू नये, आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पोवारी जाणणाऱ्या निवृत्त शिक्षकांची सायंकाळची शिकवणी दोन-तीन गावांत तरी सुरू करावी, अशी माझी सूचना आहे. खर्चाचा अंदाज कार्यकारिणीने येत्या बैठकीपूर्वी करावा. शिक्षकांची नावे सुचविण्याचे काम येथे बसलेल्या भगिनींनी अंगावर घेतले, तर ते अधिक लवकर होईल.