बंपरच्या मागचा माणूस

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात मालवाहू वाहनांचे चालक, मालक व गॅरेजचालक यांच्यासमोर प्रशासकांनी केलेले भाषण)



रुग्णालयाने ट्रकच्या बंपरविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु न्हावाशेवा बंदरातून निघालेला माल शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळण व खारेगाव या मार्गाने भिवंडीच्या गोदामांकडे जातो, तो आमच्या परिसरातूनच. त्याच रस्त्यांवर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीचे दुचाकीस्वार, रिक्षा आणि शाळेच्या बसगाड्याही असतात. कोंडीत वेग कमी असतो, आणि म्हणूनच मोबाइलकडे क्षणभर पाहण्यात चालकास धोका वाटत नाही.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा हा क्षण हिशेबाने मोजू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे सरकतो. संदेश वाचण्यास ३ सेकंद लागले, तर जवळजवळ ३३ मीटर अंतर कोणीही रस्त्याकडे न पाहता कापले जाते. तेवढ्या जागेत तीन मोठे ट्रक एकामागे एक उभे राहतील. वाहन चालविताना हातातील मोबाइल वापरणे हे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहनचालन ठरविले आहे. पहिल्याच गुन्ह्यास ६ महिने ते १ वर्ष कारावास, १,००० ते ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

टक्कर झाली की प्रथम बंपर दिसतो, आणि दुरुस्तीही बहुधा तेथेच सुरू होते व तेथेच संपते. घणाने पत्रा सरळ केला, फाटले तेथे वेल्डिंग केले, पुटी भरून रंग दिला, की गाडी पुन्हा रस्त्यावर. गॅरेजचालक मित्रांना आमची विनंती आहे की, बंपर आधी उतरवून त्यामागे पाहावे. तो ज्या ब्रॅकेटवर बसतो ते वाकले आहेत काय, चासीच्या टोकांना मार लागला आहे काय, रेडिएटरमधून पाणी झिरपते काय, स्टिअरिंगचे रॉड व ब्रेकचे पाइप सुस्थितीत आहेत काय, हे तपासावे. हेडलाइटचा रोख बदलला असेल, तर रात्री समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारात राहतो. वाकलेली चासी गॅसने तापवून सरळ करण्याचा मोह टाळावा. अशा उष्णतेने पोलादाची ताकद घटू शकते. कंपनीच्या सूचनेविना ते काम करू नये. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसविणे हा तर उपाय नव्हेच. केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले आहे, कारण पादचारी व दुचाकीस्वारांच्या इजा त्याने अधिक गंभीर होतात. अपघातात कोणी जखमी झाले असल्यास पोलिसांचा पंचनामा व वाहनाची तपासणी होईपर्यंत दुरुस्तीस हात लावू नये. विमा कंपनीलाही आधी कळवावे.

आता आमच्या कामाकडे वळू. आपल्याकडील बहुतेक ट्रकांना पुढे बॉनेट नसते. चालकाचे गुडघे बंपरपासून फार दूर नसतात आणि छातीसमोर स्टिअरिंग असते. म्हणजे बंपर आत दबला असेल, तर त्या धक्क्यातील काही भाग चालकाच्या शरीरानेही सोसलेला असतो. तरीही तो खाली उतरून प्रथम पत्रा पाहतो, समोरच्याशी तडजोड करतो आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणून निघतो. पोटातील रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. छातीत वा पोटात दुखणे, धाप लागणे, उलटी, गुंगी, लघवीतून रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास, मग ते काही तासांनी का असेना, तत्काळ रुग्णालयात यावे. हीच काळजी समोरच्या दुचाकीस्वाराचीही घ्यावी. तो उठून उभा राहिला, एवढ्यावरून तो सुखरूप आहे असे समजू नये.

मालक बंधूंना थोडे स्पष्ट बोलतो. बंपरचा खर्च चालकाच्या पगारातून कापला, तर तो पुढच्या वेळी अपघातही लपवील आणि दुखणेही. बंपरचे बिल एका पानावर मावते. पाय मोडलेल्या माणसाचे बिल मात्र त्याच्या घरभाडे, शाळेची फी आणि किराणा या प्रत्येक खात्यावर नावे पडते. चालत्या गाडीत चालकास फोन न करणे, ही बचत तर प्रत्येक मालकाच्या हातात आहे.

जखमीला रुग्णालयात आणण्यास भिण्याचे कारण नाही. मदत करणाऱ्यास कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. धडक देणाऱ्या चालकाने जखमीच्या उपचाराची व्यवस्था करणे आणि डॉक्टरांनी औपचारिकतेसाठी न थांबता उपचार करणे, ही दोन्ही कर्तव्ये कलम १३४ सांगते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेत नियुक्त रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची सोय आहे.

बंपर हा बदलता येणारा भाग आहे; कारखान्यात तो पुन्हा तयार होतो. तेव्हा टक्कर झाल्यास आधी माणसे तपासावीत, मग गाडी. आणि गाडी तपासताना पत्र्यावर थांबू नये, एवढीच आमची नम्र विनंती.