नांगे उगवणीच्या वेळींच भरावे
(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



आज येथें शेतकरी आहेत, सुतार, लोहार, कुंभार, चांभार आहेत, रोजगारावर जाणाऱ्या आमच्या भगिनीहि आहेत. तुम्हां सर्वांस आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारतों. सरकी टोबल्यावर आठदहा दिवसांनीं तुम्ही शेतांत कशाला फेरी मारतां? जेथें बीं उगवलें नाहीं तेथें नांगे भरावयाला. वेंचणीपर्यंत हात जोडून बसून मग "ही जमीनच नादान" असें म्हणणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. मग पोटच्या पोराच्या शिक्षणांत आपण वेंचणीपर्यंत कां थांबतों?

घरचीच गोष्ट सांगतों. आमच्या मावसभावाचा मुलगा चौथींत होता. पुस्तकांतला धडा घडाघड म्हणून दाखवी. एके दिवशीं आम्हीं त्याच धड्यांतल्या मधल्या एका शब्दावर बोट ठेविलें व "हा कोणता?" म्हणून विचारलें. पोरगा गप्प! धडा पाठ होता, वाचतां येत नव्हता. तो दुसरींत असतां घरचीं माणसें ऊसतोडीला गेलीं, त्यांच्याबरोबर तोहि गेला. परत आला तेव्हां वर्ग पुढें निघून गेला होता. तो जेथें थांबला होता तेथें त्याला घ्यावयास कोणी मागें आलेंच नाहीं. शाळेंत त्यास मठ्ठ म्हणत. आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीहि म्हणत असूं.

हा एकट्याचा प्रकार नव्हे. 'असर' नांवाची पाहणी २००५ सालापासून खेड्यापाड्यांतून होते. तींत घरोघर जाऊन मुलांपुढें चार ओळी वाचावयास ठेवितात. २०२४ च्या पाहणींत सबंध देशाच्या ग्रामीण भागांत तिसरींतल्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकाइतका मजकूर वाचूं शकणारीं मुलें शेंकडा २७.१ भरलीं. मग बाकीचीं सारीं मठ्ठ काय? शेतांत चार बियांतलीं तीन उगवलीं नाहींत, तर शहाणा माणूस बियांना शिव्या देत नाहीं. पेरणी कशी झाली तें पाहतो.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें रयतेच्या मुलांच्या शिक्षणाचें गाऱ्हाणें मांडलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्या थोरांनीं शाळेचें दार उघडलें. आज आमचीं बहुतेक मुलें त्या दारांतून आंत गेलीं आहेत. पण आंत बसून कांहीं न समजणें हें बाहेर राहण्यासारखेंच होय.

यावर उपाय काय? मदत पायरीपायरीनें द्यावी. पहिली पायरी सर्वांसाठीं: वर्गांत शिकविणें नीट व्हावें आणि वर्षांतून निदान तीनदां प्रत्येक मुलाला जवळ बसवून तें वाचतें किती, गणित करतें किती, हें पाहावें. दुसरी पायरी जीं मागें पडलीं त्यांच्यासाठीं: त्यांचे लहान गट करावे. गट इयत्तेवरून नव्हे, तर कोण अक्षरावर अडला, कोण शब्दावर, कोण हातच्याच्या बेरजेवर, यावरून करावे. शाळेच्याच वेळांत त्यांना रोज थोडा वेळ शिकवावें व कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तपासावें. ज्याचें अडलेलें सुटलें तो आपल्या वर्गांत परत. तिसरी पायरी एवढ्यानेंहि न सुटलेल्या थोड्या मुलांसाठीं: त्यांच्याजवळ एकेकट्यानें बसावें, डोळे-कान तपासावे. कांहीं मुलांस अक्षरओळखीचीच जन्मजात अडचण असते. २०१६ च्या कायद्यानें तिला अपंगत्वांत धरलें आहे. चष्मा लागलेल्या पोराला छडी मारून फळ्यावरचें दिसूं लागत नाहीं!

हें केवळ बोलणें नव्हे. मुंबई व बडोदें येथें २००१ ते २००३ या काळांत 'बालसखी'चा प्रयोग झाला. वस्तींतलीच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथींतल्या पंधरावीस मागें पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळें घेऊन बसे व राहून गेलेलें शिकवी. पडताळणी केली तेव्हां त्या शाळांतील मुलांची प्रगति इतरांहून चांगली दिसली, आणि अधिक फायदा सर्वांत मागच्या मुलांस झाला. मात्र प्रयोग थांबल्यावर वर्षभरांत त्यांतला बराच फायदा ओसरला. तेव्हां एक शिबिर भरवून फोटो काढल्यानें भागत नाहीं. नांगे भरल्यावर पाणीहि द्यावें लागतें.

आतां कोणी म्हणेल, "शिकवणी लावा कीं!" बंधूंनो, ज्याच्या घरीं दिवसाची मजुरी संध्याकाळच्या भाकरींत जाते, त्यानें शिकवणीचे पैसे कोठून आणावे? आणि कां आणावे? २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जरूर तेथें जादा शिकविणें, आणि पालकांना वेळोवेळीं बोलावून मुलाची प्रगति सांगणें, हें त्या कायद्यानें शिक्षकाचें कर्तव्य ठरविलें आहे. शिक्षकानें खाजगी शिकवणी करण्यास त्याच कायद्यानें मनाई आहे. म्हणजे हा उपकार नव्हे, आपला हक्क आहे.

तथापि शिक्षकावर दांत खाऊं नका. एकाच गुरुजीकडे दोन-तीन इयत्ता, त्यावर कागदपत्रांचा ढीग. अशा माणसास जाब विचारतांना मदतहि दिली पाहिजे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत निदान पाऊण सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या, असा नियम आहे. तेथें केवळ अंगठा किंवा सही देऊन परतूं नका. तीन प्रश्न विचारा: माझें मूल नेमकें कोठें अडलें आहे? त्यासाठीं रोज काय करतां? पुन्हां केव्हां तपासणार? शिक्षक कमी असतील तर वरच्या कचेरींत सर्वांनीं मिळून अर्ज न्या. गांवांतली बारावी शिकलेली मुलगी-सून घरीं असेल तर तिला बालसखी होऊं द्या.

आणि आज घरीं गेल्यावर एवढें करा. मुलाच्या पुस्तकांतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. तुम्हांस वाचतां येत नसलें तरी मुलाचा चेहरा वाचतां येतो. तें अडखळलें तर रागावूं नका, हात उगारूं नका, मठ्ठ हा शब्द तोंडांतून काढूं नका. उद्यां सकाळीं त्याचें बोट धरून शाळेंत जा.

आमच्या मावसभावाचा तो मुलगा आज सुतारकाम करतो. हात सोन्याचा आहे. पण मापाचें टिपण दुसऱ्याकडून लिहून घ्यावें लागतें, तेव्हां त्याची मान खालीं जाते. त्या मानेचा भार आमच्याहि डोक्यावर आहे. तुमच्या घरीं तो येऊं देऊं नका, एवढीच विनंति करून आम्ही बसतों.