स्तूपांची उत्पत्ती व त्यांचे प्रयोजन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



थोर पुरुषाच्या अवशेषांवर मातीचा उंचवटा रचण्याची चाल या देशात फार प्राचीन आहे. स्तूपाचे मूळ तीतच आहे. पाली ग्रंथांत अशी कथा आहे की, अंतकाळी भगवान बुद्धांनी आनंदास सांगितले, चक्रवर्ती राजाप्रमाणे तथागताचाही स्तूप चार वाटा मिळतात तेथे उभारावा; त्याच्या दर्शनाने पुष्कळांची मने प्रसन्न होतील. प्रयोजन एवढेच. आत जाण्यास दार नाही, मागण्यास देव नाही. भोवती प्रदक्षिणा घालावी आणि उपदेशाचे स्मरण करावे.

पण पुढे काय घडले? कुशीनगरला दहन होताच अस्थींवर आठ हक्कदार उभे राहिले. मगधाचा अजातशत्रू आला, वैशालीचे लिच्छवी आले, कपिलवस्तूचे शाक्य आले. मल्ल तर अस्थी देईनातच. शांतीचा उपदेश करणाऱ्याच्या अस्थींसाठी शस्त्रे उपसली जाणार, तोच द्रोण नावाचा ब्राह्मण मध्ये पडला. त्याने आठ सारखे वाटे केले आणि स्वतःसाठी केवळ रिकामे मापपात्र मागून घेतले. उशिरा आलेल्या मोरियांना राखच मिळाली. त्यांनीही तिच्यावर स्तूप बांधला. असे पहिले दहा स्तूप झाले. पुढे सम्राट अशोकाने जुने स्तूप उघडून अस्थी देशभर वाटल्या, असे परंपरा सांगते.

सांचीचा मोठा स्तूप मुळात अशोककालीन विटांचा. नंतर त्यावर दगडी आवरण, कठडा व तोरणे चढली. आम्ही तो कठडा पाहिला आहे. त्यावरील शेकडो छोट्या प्राचीन लेखांत विणकर, लेखनिक, व्यापारी, गृहिणी, भिक्षुणी यांची नावे आहेत. दक्षिण तोरणाचे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केल्याची नोंद तेथेच आहे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही स्तूप आहे, आणि तेथील दात्यांत श्रेष्ठी आहे तसा सुतारही आहे. सांचीच्या त्या छोट्या लेखांत नाव आहे, गाव आहे, कोठे धंदाही आहे. दानाचा आकडा मात्र नाही.

हे सारे आज सांगण्यास कारण आहे. आपल्या नियोजित सभागृहाच्या शिलालेखावर ठरावीक रकमेच्या वरील देणगीदारांचीच नावे घालावीत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. सूचना मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. मोठ्या देणगीवाचून इमारत उठत नाही, हेही आम्ही जाणतो. तथापि दोन हजार वर्षे टिकलेल्या त्या दगडांवर विणकराचे नाव श्रेष्ठींच्या पंक्तीस आहे. ज्या भगिनींनी घरखर्चातून पाच-दहा रुपये वाचवून मंडळास दिले, त्यांची नावे आपल्या दगडावर मावणार नाहीत काय?

दगड थोडा मोठा घ्यावा, अक्षरे थोडी लहान कोरावीत आणि नावापुढे आकडा घालू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.