पिर्ग्याहून परतलेला तरुण



मंडळीत एखाद्याचं पाऊल घसरतं, तेव्हा ‘देवानं तुला क्षमा केली आहे’ असं सांगणारे त्याला पुष्कळ भेटतात. ते खरंच आहे. ख्रिस्ती विश्वास त्यावरच उभा आहे. पण मग काही महिने जातात. तो रविवारी उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता निघून जातो. पूर्वी तो शास्त्रपाठ वाचायचा, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जायचा, शब्बाथ शाळेची मुलं सांभाळायचा. आता त्याला कुणी काही सांगत नाही. क्षमा मिळाली, काम मात्र परत मिळालं नाही. मला आज या राहून गेलेल्या भागाविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी योहान मार्क नावाच्या तरुणाची हकिकत सांगायची आहे. नव्या करारात ती सलग कुठेच नाही. प्रेषितांची कृत्ये आणि चार पत्रं यांतून ती वेचावी लागते.

मार्क यरुशलेमचा. त्याच्या आईचं, मरियेचं, घर मोठं असावं, कारण विश्वासणारे तिथे प्रार्थनेला जमत. पेत्र तुरुंगातून सुटला तो थेट त्याच घराच्या दाराशी आला. म्हणजे मार्क मंडळीच्या अंगणात वाढलेला मुलगा. बर्णबा त्याचा चुलतभाऊ. साधारण इ. स. 46 च्या सुमारास पौल आणि बर्णबा सुवार्तेच्या पहिल्या मोठ्या प्रवासाला निघाले, तेव्हा मदतीला म्हणून त्यांनी याला बरोबर घेतलं. कुप्र बेट त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथं घातलं. मार्क बरोबर होता. मग तारवातून ते पंफुल्यातल्या पिर्गा इथे आले, आणि तिथून मार्क एकटाच यरुशलेमला परत गेला.

का गेला, हे प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकानं लिहिलेलं नाही. पिर्ग्याच्या पुढे तौरस पर्वताची चढण होती. पिसिदियातलं अंत्युखिया समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, आणि पौलानं आपल्या संकटांची जी यादी एका पत्रात दिली आहे तिच्यात वाटमाऱ्यांचं भयही आहे. घरची ओढ असेल, आजार असेल, भीती असेल. लूक कारण शोधत बसत नाही, गेला एवढंच सांगतो.

पुढे दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या प्रवासाला निघायचं ठरलं तेव्हा बर्णबा म्हणाला, या खेपेलाही मार्काला नेऊ. पौल म्हणाला, नको. दोघांत इतकी तेढ आली की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पौलानं सीलाला निवडलं आणि तो सूरिया-किलिकियाच्या वाटेनं गेला.

या प्रसंगात पौलाला कठोर ठरवणं सोपं आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. मार्क परत गेल्यानंतर त्याच प्रवासात लुस्त्र इथे लोकांनी पौलाला दगडमार करून, मेला समजून, गावाबाहेर ओढून टाकलं होतं. ज्याच्या अंगावर ते वळ होते त्याला, पुन्हा त्याच गावांकडे निघताना, बरोबरचा माणूस टिकेल का हे विचारण्याचा हक्क होता. कुणी वाटेत सोडून गेलं की त्याचा भार राहिलेल्यांच्या खांद्यावर येतो. क्षमेविषयी बोलताना आपण राहिलेल्या माणसांचा हा भार फार लवकर विसरतो. बर्णबावरही शंका घेता येते. मार्क नात्यातला होता, तेव्हा ‘घरचा म्हणून पाठीशी घालतो’ असं त्या वेळी कुणी म्हटलं नसेल असं नाही.

पण बर्णबाची आधीची चाल पाहावी, म्हणजे ही शंका टिकत नाही. मंडळीचा छळ करणारा शौल, म्हणजे पुढचा पौल, विश्वासणारा होऊन यरुशलेमला आला, तेव्हा शिष्य त्याला भीत होते. हा खरोखर बदलला आहे यावर कुणाचा भरवसा बसेना. तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेणारा हाच बर्णबा. पुढे सूरियातल्या अंत्युखियात काम वाढलं तर हा तार्सला गेला, शौलाला शोधून काढलं आणि बरोबर घेऊन आला. त्या वेळी शौल त्याच्या नात्यातला नव्हता. ज्याच्यासाठी कुणी हमी देत नाही त्याच्यासाठी हमी द्यायची, हा बर्णबाचा स्वभावच होता. पौलाची सगळी सेवा त्या हमीवर उभी राहिली होती, आणि मार्काची वेळ आली तेव्हा पौलाला ते आठवलं नाही. मोठ्या माणसांचंही असं होतं.

मग दहाएक वर्षं मार्काविषयी एक अक्षरही नाही. या वर्षांत काय घडलं असेल? मला वाटतं, फार काही दिसण्याजोगं घडलं नसेल. कुणाच्या तरी बरोबर चालणं, ओझं उचलणं, निरोप पोचवणं, दिलेली वेळ पाळणं. आणि मग कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात, कैदेत असलेल्या पौलाच्या सोबत्यांत एकदम मार्काचं नाव येतं, आणि तो आला तर त्याचा स्वीकार करा असं मंडळीला सांगितलेलं आहे. फिलेमोनाच्या पत्रात तो पौलाच्या सहकाऱ्यांत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हातारा कैदी हिवाळ्याआधी काही गोष्टी मागवतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, चर्मपत्रं. आणि त्याआधी मार्क, कारण सेवेसाठी तो उपयोगी आहे. ‘त्याला मी माफ केलं आहे’ असं पौल तिथे लिहीत नाही. त्याला मार्क कामासाठी हवा आहे.

त्याच पत्रात देमासाचं नाव आहे. फिलेमोनाच्या पत्रात मार्क आणि देमास एका ओळीत बसलेले, दोघेही सहकारी. आता देमास संसाराच्या ओढीनं पौलाला सोडून थेस्सलनीकेला गेला आहे, आणि एकदा सोडून गेलेल्या मार्काला बोलावणं चाललं आहे. कोण टिकेल याचा पौलाचा अंदाज दोन्हीकडे चुकला होता, आणि तो हे लपवत नाही.

मार्काच्या हकिकतीत पेत्रही येतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात मार्काला मुलगा म्हटलं आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हिरापलीचा बिशप पापियास सांगतो की पेत्राची शिकवण मार्कानं लिहून ठेवली, तेच त्याचं शुभवर्तमान. ही परंपरा जमेस धरून ते पुस्तक वाचावं. मुख्य याजकाच्या वाड्यात पेत्रानं शपथा वाहून, शाप उच्चारून प्रभूला नाकारलं, ते त्यात कुठेही मऊ केलेलं नाही. मंडळीचा खांब झालेल्या माणसानं स्वतःची ही गोष्ट अशी सांगू दिली असणार. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी स्त्रियांना जो निरोप मिळतो, शिष्यांना जाऊन सांगा म्हणून, त्यात पेत्राचं नाव वेगळं घेतलेलं आहे. चारही शुभवर्तमानांत ते एकट्या मार्कानं नोंदवलं आहे. मला ही जागा वाचताना दर वेळी भरून येतं. जो स्वतःला शिष्यांत धरायला धजला नसता, त्याचं नाव घेऊन बोलावणं आलं. आणि ते लक्षात ठेवून लिहिलं कुणी, तर पिर्ग्याहून परत गेलेल्यानं.

तिबिर्याच्या सरोवराकाठी येशूनं पेत्राला इतर शिष्यांदेखत तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. पेत्राच्या प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर काम सोपवलं, मेंढरांचं. पुन्हा कधी असं करणार नाही, असं वचन घेतलं नाही. आणि पेत्र पुढे चुकलाच. अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही लोक आले तसा भिऊन पंगतीतून बाजूला झाला. पौलानं त्याला सर्वांसमोर दोष दिला. त्याच्यामागे ओढला गेलेल्यांत खुद्द बर्णबाही होता, हे पौल गलतीकरांना लिहितो. म्हणून मंडळीत पडलेले आणि उभे असे दोन कायमचे गट करणं मला मान्य होत नाही.

आता एक अवघड गोष्ट. इ. स. 250 मध्ये सम्राट डेसियसनं सर्वांना देवतांपुढे यज्ञ करून दाखला घ्यायला लावलं. जिवाच्या भीतीनं असंख्य ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरला आणि ही माणसं मंडळीच्या दाराशी आली. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, यांना परत घेऊच नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्तापाचा काळ पाळून घ्यावं. मंडळीनं सिप्रियनचं ऐकलं हे फार चांगलं झालं. पण यज्ञ केलेल्या धर्मसेवकांना त्यानं सामान्य सभासद म्हणूनच परत घेतलं, पद दिलं नाही. या नियमापुढे मी पुष्कळदा थांबतो. तो पेत्राला लावला असता तर पन्नासाव्या दिवशी बोलायला उभं कोण राहिलं असतं?

तरीही पद परत न देणं हीच जिथे प्रीती ठरते अशा जागा आहेत, आणि त्या स्पष्ट सांगितल्याच पाहिजेत. भिऊन पळालेला माणूस वेगळा, आणि आपल्या हाती सोपवलेल्या लेकरांना ज्यानं ओरबाडलं तो वेगळा. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी 2002 साली डॅलस इथे ठरवलं, की अल्पवयीन मुलावर एकदा जरी अत्याचार केल्याचं कबूल वा सिद्ध झालं तरी त्या धर्मगुरूला पुन्हा सेवापद द्यायचं नाही. त्याआधी कित्येक ठिकाणी अशांची गुपचूप दुसऱ्या धर्मग्रामात बदली झाली होती. ‘क्षमा’ या नावाखाली जे चाललं त्याची किंमत मुलांनी भरली. पश्चात्ताप केलेल्या अशा माणसाला देव दूर लोटणार नाही हा माझा विश्वास आहे. पण मुलांमध्ये काम करण्याचा त्याचा मार्ग संपला, आणि खरा पश्चात्ताप झाला असेल तर तो स्वतःच तो मार्ग मागणार नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना न विचारता कुणाचीही पुनःस्थापना ठरवू नये, एवढं तर कमीत कमी.

पुन्हा कामाला लागण्याचं एक उदाहरण आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंनी नोंदवलेलं आहे. 1883 साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिल्या होत्या. लंडनच्या फुलहॅम भागात त्या भगिनींचं, समाज ज्यांना पतित म्हणत असे अशा स्त्रियांसाठी काम होतं, ते त्यांनी पाहिलं. या स्त्रियांपैकी कितीतरी जणी दुसऱ्यांच्या अपराधाच्या बळी होत्या, हे आज आपण विसरू नये. रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे की पूर्वी त्या आश्रयाला आलेल्या काही जणींनी पुढे आजारी आणि दुबळ्या माणसांच्या सेवेला आयुष्य वाहिलं होतं. आधार घ्यायला आलेल्या बायका आता आधार देत होत्या. ख्रिस्ताकडे वळण्याच्या रमाबाईंच्या वाटेवर हे दृश्य मोठं ठरलं. पुढे केडगावला मुक्तिसदनाच्या आवारात त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं.

शेवटी मंडळीच्या पंचकमिट्यांवर बसणाऱ्या भावाबहिणींशी थोडं बोलतो. बर्णबानं मार्काला कुप्रालाच का नेलं, याकडे लक्ष द्या. तो बर्णबाचा स्वतःचा मुलूख, आणि पहिल्या प्रवासात मार्क तिथे डगमगला नव्हता. तो खचला पुढे, पिर्ग्याला. म्हणजे बर्णबानं त्याला पुन्हा कामाला लावलं ते, जिथवर तो नीट चालला होता तिथून. पैशांच्या हिशोबात ज्याचं चुकलं त्याला पहिल्याच वर्षी पेटीची किल्ली देऊ नका, त्याची स्वतःची त्यात परीक्षा होते. पण त्याला आजाऱ्यांना भेटणं जमत होतं ना? मग ते द्या, आणि त्याला एकटं पाठवू नका. काय घडलं होतं ते कुजबुजत ठेवू नका. पुरेसं आणि एकदाच सांगा. आणि ज्यांनी त्याला थांबवलं होतं, त्यांपैकीच कुणीतरी उपासनेच्या वेळी उभं राहून, त्याचं नाव घेऊन सांगावं की हा आपला भाऊ या महिन्यापासून दवाखान्यातल्या भेटींचं काम करणार आहे, आणि पहिले काही आठवडे मी त्याच्याबरोबर जाणार आहे.