जिवाणूंची नोंदवही



ग्वाल्हेरच्या शेजारी, आग्र्यास, अर्नेस्ट हँकिन हे इंग्रज शास्त्रज्ञ सरकारी रासायनिक परीक्षक होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू तग धरत नाहीत आणि पाणी उकळले म्हणजे त्याचा हा गुण नाहीसा होतो, असे त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९१५ साली ट्वॉर्ट यांनी व १९१७ साली द'हेरेल यांनी जिवाणूंचा नाश करणारे विषाणू वर्णिले. नद्यांचा तो गुण या विषाणूंचाच असावा, असा तर्क झाला. तो सर्वांना मान्य नाही. परंतु जिवाणू आणि विषाणू यांचे वैर निर्विवाद आहे.

या वैरात जिवाणू असहाय नसतात. पुष्कळ जिवाणू हल्लेखोर विषाणूच्या जनुकद्रव्याचा लहानसा तुकडा आपल्या जनुकद्रव्यात साठवून ठेवतात. तोच विषाणू पुन्हा आला की त्या तुकड्यावरून त्यास ओळखून कापून टाकतात. नवा तुकडा बहुधा एकाच टोकास जोडला जातो. ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत पुस्तकांचा क्रम राहतो, तसा येथे आक्रमणांचा क्रम राहतो, आणि तो वारशाने पुढील पिढीकडे जातो.

ही नोंदवही उलगडली ती संगणकामुळे. स्पेनमधील फ्रान्सिस्को मोहिका यांनी असे सुमारे ४५०० तुकडे उपलब्ध जनुकसंग्रहांशी ताडून पाहिले. अवघे ८८ जुळले. त्यांतील पुष्कळ विषाणूंचे होते. हा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला, आणि २००७ साली दही विरजणाऱ्या जिवाणूंवरील प्रयोगांनी त्यास पुरावा मिळाला. विषाणूही स्वस्थ बसत नाही. नेमक्या जागी एक अक्षर बदलले तरी तो ओळखू येईनासा होतो. मग जिवाणू नवा तुकडा साठवतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा डाव आता संगणकावर गणिताने मांडून पाहिला जातो.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. प्रतिजैविकांना न जुमानणारे रोगजंतू वाढत आहेत, आणि विषाणूंचा औषध म्हणून उपयोग करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. परंतु रोगजंतू या औषधासही चुकवू शकतात. कोणते विषाणू एकत्र दिल्यास त्यांची वाट अडेल, हे ठरविण्यास अशी गणिते साहाय्य करतील.

मोहिकांना थोडेच तुकडे जुळविता आले, याचे एक कारण असे की त्या काळी विषाणूंच्या नोंदीच थोड्या होत्या. ज्या जुळल्या, त्या कोणी तरी आधी, पुढील उपयोग ठाऊक नसताना, जपून ठेवल्या होत्या. शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेस त्याचे मोल निराळे सांगावयास नको.