बेने इस्रायलींच्या कुळाचा माग

अलिबागला इस्रायलहून येणारे काही पाहुणे पूर्वजांचं गाव शोधत येतात. ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली कुटुंबं. परंपरा सांगते, शेकडो वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढे त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनिवार तेली’.

शोधाची पहिली खूण आडनावात. रोहेकर रोह्याचे, पेणकर पेणचे, झिराडकर झिराडचे. गाव कळलं की तिथली दफनभूमी पाहावी, मग अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग गाठावं. घरात जुना कतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, असेल तर सोन्याहून पिवळं: वधूवर, दोघांचे वडील, ठिकाण आणि तिथी, सगळं एकाच कागदावर. पणजोबा पलटणीत असतील तर लष्करी दप्तरही धुंडाळावं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी लिहिलेला समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. तोही जरूर चाळावा.

२०१६ च्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे आढळले. पण प्रयोगशाळा गाव सांगत नाही. त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, आणि ऐकलेलं लगेच लिहून ठेवा.